बाबा माळी होते: खाण कॉलनीच्या बागेतलं आमचं लहानपण

डिचोलीची अबोली

नमस्कार मंडळी. माझे बाबा गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका खाण कंपनीच्या कॉलनीत माळी होते. ऐंशीच्या दशकात लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच. कॉलनी म्हणजे ऑफिसर लोकांचे बंगले, स्टाफचे ब्लॉक, एक क्लब, एक दवाखाना आणि मधोमध बाग. बागेच्या मागच्या कोपऱ्यात पंपाच्या खोलीला चिकटून दोन खोल्या होत्या, त्या आमच्या. दार उघडलं की बागच, त्यामुळे माझं आणि माझ्या भावाचं सगळं लहानपण तिथेच गेलं. इथे बागकामाचे धागे येतात, जुन्या गोव्याच्या आठवणींचेही येतात, पण बाग राखणाऱ्याच्या घरातल्या कुणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. लांबणार आहे.

खाणपट्ट्यात जे वाढले त्यांना धुळीबद्दल काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. डोंगरातून लोहखनिज काढायचं, ट्रकात भरायचं, नदीवरच्या जेटीपर्यंत न्यायचं, तिथून बार्जने मांडवीतून मुरगाव बंदरात. आमच्या बाजूचे ट्रक सारमानसकडे जायचे आणि त्यांचा रस्ता कॉलनीच्या कुंपणाला लागूनच. ताडपत्री असली तरी कडेने सांडायचंच. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळी बाग लाल. जास्वंद असो, तगर असो, क्रोटन असो, सगळ्यांचा रंग एकच.

म्हणून बाबांचं सकाळचं पहिलं काम म्हणजे झाडं धुणं. पाणी घालणं वेगळं आणि धुणं वेगळं हं. पहाटे पंप सुरू झाल्याच्या आवाजाने आम्हाला जाग यायची. आधी वरून बारीक फवारा मारून धूळ नुसती भिजवायची, मग जरा थांबायचं, मग पाईपच्या तोंडावर अंगठा दाबून धार बारीक करायची आणि खालून वर पानांच्या पाठीला मारायची. पाठीला का, तर पानाची श्वास घ्यायची छिद्रं बहुतेक झाडांत तिकडेच जास्त असतात. बाबा चौथी शिकलेले, त्यांना हे छिद्रांचं वगैरे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण ते म्हणायचे "पानांक उस्वास घेवंक दी". पाणी पाटातून वाहत गेटपर्यंत जायचं ते लालभडक. आणि मग ऊन वर आलं की तासभर बाग इतकी हिरवी दिसायची की बघत राहावंसं वाटायचं. दहानंतर ट्रक वाढले की परत तेच. बाबांच्या अंगठ्याचं नख कायम लाल असायचं, रविवारी सुद्धा.

आमचा खेळ ह्या धुळीवरच. क्रोटनची पानं रुंद असतात ना, त्यावर बोटाने नावं लिहायची. माझं एक पान, भावाचं एक पान, शाळेतल्या मैत्रिणींची पण पानं ठरलेली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पाढे सुद्धा लिहिलेत. सकाळी बाबांनी धुतलं की सगळं साफ, संध्याकाळी परत नवीन.

खेळायचं सामान म्हणाल तर कॉलनीत एक घसरगुंडी आणि एक सी-सॉ कंपनीने बसवलेला. बाकी सगळं बाबांनी वर्कशॉपमधल्या लोकांना धरून जमवलेलं. झोपाळ्याच्या पाट्या जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या, दोन थर एकावर एक ठेवून बोल्ट मारलेले, उन्हात तापायच्या पण कधी तुटल्या नाहीत. आणि डंपरचे टायर! ज्यांनी खाणीतला डंपर जवळून बघितलाय त्यांनाच कळेल किती मोठा टायर असतो तो. असे चार टायर अर्धे जमिनीत पुरून ओळीने उभे केलेले, पिवळा, निळा, लाल, पांढरा. आतून पळत जायचं, वरून चढायचं. पावसाचं पाणी टायरच्या पोटात साचून डास होतात म्हणून बाबांनी खालच्या बाजूला माती ठासून भरली होती आणि त्या मातीत ऑफिस टाईमची फुलझाडं लावली होती. भर उन्हात टायरच्या आतून फुलं बाहेर आलेली असायची, गुलाबी आणि केशरी.

लॉनची एक गोष्ट सांगायलाच हवी. बाबांनी लॉनचे चार भाग केले होते. तीन भाग खेळायला मोकळे आणि एका भागाभोवती सुंभाची दोरी. दोरी दर आठवड्याला पुढच्या भागाला जायची. दोरीच्या आत कुणीच जायचं नाही, मॅनेजरचा मुलगा असला तरी नाही. आम्ही दोरी कुठे आहे त्यावरून खेळ ठरवायचो. क्लबच्या बाजूचा भाग मोकळा असेल तर लगोरी, कारण तिथे भिंत होती, विहिरीकडचा मोकळा असेल तर पकडापकडी. नवीन आलेल्या एका बाईसाहेबांनी सांगितलं की पूर्ण लॉनच बंद करा, छान दिसेल. बाबा म्हणाले बाईसाहेब, मुलं नाही आली तर मी हे कापू कुणासाठी. हे ते आजही तसंच सांगतात.

आणि मागचं गेट. हे जरा मनातलं आहे. कॉलनीच्या मागे गाव. गावातल्या मुलांना आत यायची परवानगी नव्हती. तशी पाटीच होती. पण ती मुलं म्हणजे माझ्या वर्गातली मुलं, आम्ही सगळे एकाच सरकारी मराठी शाळेत जाणारे. मी आत, ती कुंपणाबाहेर, आणि मी तरी कोण, माळ्याची मुलगी, ऑफिसरांच्या मुलांच्या वाढदिवसाला बोलावणं नाही ते नाहीच. बाबांनी काय केलं, दुपारी दोन ते चार, जेव्हा बंगल्यांत सगळे झोपलेले असतात, तेव्हा पंपाकडचं छोटं गेट नुसतं लोटून ठेवायला लागले. आत येणाऱ्या प्रत्येकाने आधी हातभर जागेतला लव्हाळा काढायचा, मग खेळायचं. लव्हाळा ओढला तर खाली गाठ राहते आणि एकाचे चार होतात, खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो, हे आमच्या गावातल्या त्या वेळच्या प्रत्येक मुलाला येतं. एकदा मॅनेजर साहेब अवेळी आले, पंधरा-वीस मुलं रांगेने बसून लव्हाळा काढताना बघितली, बाबांना म्हणाले चारच्या आत बाहेर जाऊ देत, आणि गेले. त्यानंतर कुणी विचारलं नाही. पाटी होती तशीच राहिली.

पावसाळ्यात खाणी बंद. जून ते सप्टेंबर ट्रक नाहीत, धूळ नाही. मग बाबांची धुण्याची ड्युटी बंद आणि लावणीची सुरू. कलमं, कटिंगं, कुंपणाच्या मेंदीची छाटणी. चवथीच्या आधी डोंगरावर माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं) सामान आणायला जायचो, कांगलां, घागऱ्या, फागलां अशी रानातली फळं, आणि बागेतून फक्त तोरिंजण, लिंबाच्या जातीचं मोठं फळ, कारण ते एकच झाड बाबांनी स्वतःच्या हौसेने लावलं होतं. कंपनीच्या बागेतलं फळ म्हणून पहिलं फळ क्लबच्या गणपतीला, मग आमच्या.

आणि मोगरा. आमच्याकडे शिरगावची लईराईची जत्रा, वैशाख शुद्ध पंचमीला. धोंडांच्या, म्हणजे देवीचं व्रत करणाऱ्या भक्तांच्या, गळ्यात मोगऱ्याच्या माळा. बाबा स्वतः धोंड नव्हते पण गावात बरेच होते. बागेत मोगऱ्याचा एक लांब वाफा होता आणि जत्रेच्या आठवड्यात तो नेमका भरायचा, कसा ते बाबांनाच माहीत. पहाटे कळ्या मिटलेल्या असतानाच काढायच्या, आई आणि मी ओल्या फडक्यावर पसरायचो, गावातले धोंड मागच्या गेटवर येऊन न्यायचे. मला त्या दिवसांत शाळेत जायला नको वाटायचं, हाताचा वास जाऊ नये म्हणून मी जेवताना चमच्याने जेवायचे.

2012 च्या सप्टेंबरमध्ये खाणी थांबल्या. बाबा तेव्हा रिटायर झालेले होते, आम्ही गावातल्या घरात. कॉलनी हळूहळू रिकामी झाली. मी मध्ये जाऊन आले, वॉचमन ओळखीचा निघाला म्हणून आत सोडलं. लॉन नाही, गुडघाभर रान. मेंदीची झाडं झालीत. टायरांचे रंग गेलेत. पण पानं स्वच्छ. कुणी न धुता स्वच्छ. मला ते बघून बरं वाटलं आणि फार वाईट पण वाटलं, दोन्ही एकदम, आणि ते घरी येऊन बाबांना कसं सांगावं कळेना. शेवटी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, मोगरा हाय?

आहे. रानात गेलाय पण आहे.

तुमच्यापैकी कुणाचे वडील, आजोबा, काका बागेत कामाला होते का? किंवा तुम्ही ज्या बागेत खेळलात ती कोण राखायचं ते आठवतं का? लिहा प्लीज.

कुडचडेकर

अबोलीताई, वाचताना अंगावर आलं. आम्ही पण त्याच धुळीतले, फक्त दक्षिणेकडचे. शाळेचा शर्ट पांढरा, सोमवारी घातला की मंगळवारी गुलाबी. आई कपडे घरात वाळत घालायची, बाहेर दोरीवर टाकायची सोयच नव्हती. वर्गाच्या खिडक्या मे महिन्यात पण बंद.

आमच्याकडे बाग नव्हतीच. आम्ही सावर्डे-कुडचडे स्टेशनच्या बाजूच्या मोकळ्या जागेत खेळायचो. कन्व्हेयर बेल्टच्या झोपाळ्याची आयडिया भारी आहे. आमच्याकडे त्याच बेल्टचे तुकडे लोक दारात पायपुसणं म्हणून टाकायचे, गोठ्यात गाईखाली सुद्धा.

मांडवीकाठ

सुंदर लिहिलंय. वडील बागेत नव्हते, पोस्टात होते, पण पणजीत चर्चसमोरच्या जार्दिनात मी लहानाची मोठी झाले म्हटलं तरी चालेल. बाबांचं ऑफिस सुटेपर्यंत आजी मला तिथे घेऊन बसायची. बँडस्टँडभोवती पळायचं, पायऱ्या मोजत चढायच्या. मधल्या खांबावर पूर्वी वास्को द गामाचा पुतळा होता, मुक्तीनंतर तो जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, हे आजीच सांगायची. तिने दोन्ही बघितलेले.

त्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. मला हा माणूस कोण ते मोठेपणी कळलं. पोर्तुगीज वैद्य, गोव्यात राहिला आणि इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेलं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. सगळं पुस्तक दोन माणसांच्या संवादात आहे. आंबा, नारळ, हळद, सगळ्याची चौकशी. मूळचा ज्यू घराण्यातला, म्हणून मेल्यानंतर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. ज्या गोव्यात हे झालं तिथेच आज मुलं त्याच्या नावाच्या बागेत खेळतात. बागेत ही हकीकत मुलांना वाचता येईल अशी लिहून लावली पाहिजे, मराठीत आणि कोंकणीत, असं मला मनापासून वाटतं.

8 डिसेंबरच्या फेस्ताला बागेच्या चारी बाजूंनी खाज्याची, चण्यांची दुकानं लागायची. चर्चची ती मोठी घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मनोऱ्यातली, ती वाजली की झाडांवरचे कावळे सगळे एकदम उडायचे. आमचा खेळ तो, घंटेच्या आधी कावळे मोजून ठेवायचे.

तिथल्या माळ्याचं नाव आम्हा मुलांना माहीत नव्हतं, आम्ही माळीमामा म्हणायचो. पडलेली फुलं घ्यायला द्यायचे, तोडलेली नाही. ओंजळीत धरून आणली की ते एकेक उलटून बघायचे, देठ ताजा आहे का.

रानवारा

लेख आवडला, बाबांबद्दल आदर आहे, तरी एक लिहितो. ती धूळ पानांवर बसत होती तशी छातीत पण बसत होती. खाणी भूजलाच्या खाली गेल्या आणि कित्येक गावांतल्या विहिरी, झरी आटल्या. पावसात डंपची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांची, माती वाहून शेतात यायची, भाताचे वाफे लाल गाळाने भरायचे. कॉलनीत पाईपला पाणी होतं, बाहेरच्या बायका टँकरची वाट बघत होत्या. हे सगळं त्या बागेच्या कुंपणाबाहेर चालू होतं. आठवणी लिहिताना हेही यावं एवढंच, दुखवायचा हेतू नाही.

डिचोलीची अबोली

रानवारा, दुखवलं नाही. बरं केलंत लिहिलंत. माझ्या मामाच्या गावात हेच झालं, त्याची खालची शेतं गाळाने गेली ती गेलीच. आणि बाबांना खोकला आहे, डॉक्टरांनी धुळीचाच म्हटलं. आमच्या घरी ह्यावर वाद होत आलेत. मामा जेवायला बसला की विषय निघायचाच, एकाच घरात एकाचं पोट कंपनीवर आणि दुसऱ्याचं शेत कंपनीने घालवलेलं. आई दोघांच्या मध्ये भात वाढत असायची.

बाबा कधी कंपनीची बाजू घेऊन बोलले नाहीत. ते म्हणायचे झाडाला काय माहीत कुणाची जमीन. उन्हाळ्यात गावची विहीर तळाला गेली की ते बागेच्या पंपाचं पाणी मागच्या गेटवर पिंपात भरून ठेवायचे, तेव्हा लॉनचं पाणी त्यांनी स्वतःहून कमी केलेलं असायचं. लॉन पिवळं पडलं म्हणून त्यांना मेमो मिळाला होता. मेमो आईने अजून ठेवलाय.

सत्तरीकार

आमचे दोन ट्रक होते, कर्जावर. 2012 ला बंद पडले. 2014 ला कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, जरा हात चालायला लागला, तर 2018 च्या 7 फेब्रुवारीला खाणींच्या 88 लीज रद्द. आमचे हे त्यानंतर काजूच्या बागायतीत लागले. रानवारा म्हणतात ते खरं आहे आणि आमच्या घरात चूल बंद व्हायची वेळ आली हे पण खरं आहे. आमची मुलं ट्रकच्या खाली सावलीत खेळून वाढली, त्यांना विचारलं तर ती पण असंच प्रेमाने सांगतील.

अबोली, ते पिंप भरून ठेवायचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

तिस्कवाला

मी लिहू शकतो ह्या धाग्यावर! माझे पप्पा बोंडल्याला होते, वन खात्यात, बॉटनिकल गार्डनकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोंडला म्हणजे आपलं एक छोटं अभयारण्य, 8 चौरस किलोमीटर फक्त, फोंड्याहून उसगाव-तिस्कमार्गे जायचं. आत प्राणिसंग्रहालय, हरणं, बाग. शाळांच्या सहली तिथेच यायच्या.

बोंडला गुरुवारी बंद असतो. सुट्टीतले गुरुवार म्हणजे आमचं राज्य. गेट बंद, एक पण बस नाही, आणि आम्ही स्टाफची सात-आठ मुलं. पप्पांचा त्या दिवशी वेगळा कार्यक्रम असायचा, पर्यटकांनी कुठे कुठे काय टाकलं ते गोळा करणं, मोडलेल्या फांद्या बांधणं. आम्ही त्यांच्या मागून पोतं घेऊन. बांधायचं कसं तर फांदी पूर्ण तुटली नसेल, साल एका बाजूने धरून असेल, तर शेणमाती लावून वर तागाची पट्टी गुंडाळायची. जास्वंदीच्या धरायच्या, गुलाबाच्या नाही धरायच्या.

वानरं हा मोठा प्रश्न. वानरांना जास्वंदीच्या कळ्या फार आवडतात. पप्पांनी शेवटी जास्वंद कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला जंगलाकडे लावली, त्यांना तिथेच खाऊ दे म्हणून, आणि आतल्या वाफ्यात त्यांना न आवडणारी झाडं. बऱ्यापैकी चाललं ते. शेकरू बघायला लोक गाड्या करून येतात, आमच्या क्वार्टरच्या कौलांवरून रोज सकाळी एक जायचं. आई त्याला नावाने हाक मारायची.

लोक विचारायचे तुम्हाला भीती नाही का वाटत जंगलात. भीती फक्त फुरशाची. पप्पांनी शिकवलेलं, पाचोळ्यात हात घालायच्या आधी काठी. मी आता पणजीत ऑफिसात बसतो तरी टेबलाखाली पडलेलं पेन उचलताना आधी पाय मागे घेऊन नीट बघतो.

पर्वरीचा सेक्रेटरी

आमच्या सोसायटीत लॉन आहे आणि त्यावरून दर मीटिंगला भांडण. एक गट म्हणतो मुलांना बंदी घाला, दुसरा म्हणतो मग लॉन कशाला. ठेकेदाराचा माणूस आठवड्यातून दोनदा येतो, मशीन फिरवतो, जातो, दर वेळी माणूस वेगळा. मधोमध टक्कल पडलंय, मुलं तिथेच क्रिकेट खेळतात. अबोलीताई, ती दोरीची पद्धत जरा सविस्तर विचारून सांगाल का बाबांना? किती दिवस बंद ठेवायचं, काय घालायचं?

नवखा माळी

आणि माझा पण एक प्रश्न बाबांना. मोगरा कुंडीत तीन वर्षं आहे, पानं भरपूर, फुलं नाहीत. म्हापशात राहतो, गच्चीवर ऊन चांगलं आहे. जत्रेच्या आठवड्यातच वाफा भरायचा म्हणालात, तो योगायोग नसणार.

डिचोलीची अबोली

बाबांना दोन्ही वाचून दाखवलं. एवढे खूश झाले की चहा थंड झाला. मी जमेल तसं टाईप केलंय, मध्ये मध्ये त्यांचं कोंकणी मी मराठी केलंय.

पर्वरीवाल्या दादांसाठी: चार भाग करा, एक बंद तीन चालू. आठवडा हा साधारण हिशोब, खरं म्हणजे गवत बघून दोरी हलवायची. बंद भागात पहिल्या दिवशी टोच्याने जमीन बोट बोट खोल भोकं पाडायची, कारण मुलं नाचून माती दाबून टाकतात, मुळांना हवा मिळत नाही. मग चाळलेली रेती आणि कुजलेलं शेणखत अर्धं अर्धं, पातळ पसरायचं, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. पाणी सकाळीच, संध्याकाळी नको. कापताना फार खाली कापायचं नाही, मशीनवाले घाईत मुळापर्यंत सोलतात. क्रिकेटचं पीच मात्र बाबा म्हणाले लॉनवर ठेवूच नका, गवत तिथे कधीच येणार नाही, कडेला मातीची पट्टी करून द्या, मुलं आपोआप तिकडे जातील. आणि पावसाळ्यात लॉन ओलं असताना कुणीच जायचं नाही, मोठ्यांनी पण नाही, एका दिवसात वर्षाची मेहनत जाते.

अजून एक म्हणाले ते तसंच लिहिते. दोरी कोण हलवणार ते आधी ठरवा. दर वेळी वेगळा माणूस आला तर कालचं गवत कसं होतं ते कुणाला कळणार? सोसायटीतलं कुणी रिटायर माणूस असेल, रोज सकाळी फेरी मारणारा, त्याच्याकडे द्या आणि हाताखाली दोन मुलं द्या. मुलांच्या हातात दोरी दिली की ती आत जात नाहीत.

नवख्या माळ्यासाठी: फुलं नाहीत म्हणजे तुम्ही त्याला सुखात ठेवलंय. डिसेंबर लागला की पाणी तोडायचं, अगदी जीव राहील एवढंच. पानं पिवळी होऊन गळतील, घाबरायचं नाही, उरलेली हाताने काढायची. जानेवारीच्या शेवटी छाटणी, जमिनीत असेल तर दीड फुटापर्यंत, कुंडीत असेल तर वीतभर. वरची माती उकरून दोन दिवस मुळांना ऊन दाखवायचं, मग शेणखत, थोडी राख, आणि मग भरपूर पाणी सुरू. नवीन फूट येते तिच्याच टोकाला कळ्या. मार्चपासून सुरू होतात. बाबा जत्रेची तारीख पंचांगात बघून छाटणी पुढे-मागे करायचे, जत्रा कधी एप्रिलमध्ये येते कधी मेमध्ये. पहिला बहर संपला की शेंडे परत खुडायचे म्हणजे दुसरा येतो. हे गुपित होतं म्हणे, आता मी इथे लिहून टाकलं.

मांडवीकाठ

मुलांच्या हातात दोरी देणं फार आवडलं. अबोली, बाबांकडून असंच विचारून विचारून लिहीत राहा, त्यांचं सगळं लिहून ठेव. माझ्या आजीचं मी नाही लिहून घेतलं.

रानवारा

मेमोचं वाचलं. नमस्कार सांगा त्यांना माझा. आमच्या गावात झरीच्या वरच्या बाजूला दोन वर्षं झाडं लावतोय, धूळ थांबल्यापासून रोपं धरतात आता. लोकांनी खाणीच्या डंपवर अकेशिया लावून ठेवलाय, त्याखाली दुसरं काही येतच नाही. बाबांना विचाराल का, तशा जमिनीत आधी काय लावावं?

डिचोलीची अबोली

विचारलं. म्हणाले आधी जागा बघितल्याशिवाय सांगणार नाही. तुम्ही कुठल्या गावचे ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एखाद्या रविवारी मी घेऊन येते त्यांना, जवळ असेल तर. तोपर्यंत एवढंच की अकेशिया एकदम सगळा तोडू नका, सावली जाईल, ओळीआड तोडा आणि मधल्या जागेत करवंद, जांभूळ, काजूच्या बिया टाका, रोपं नको, बियाच, मुळं खोल जातात.

नवखा माळी

बाबांना खूप धन्यवाद, डिसेंबरपासून पाणी तोडतो. कॉलनीतल्या त्या जुन्या मोगऱ्याचं कलम मिळेल का हो कुठे? नर्सरीत मिळतो तो बहुपाकळी, मला जत्रेतला हवाय.

डिचोलीची अबोली

मिळेल. वॉचमनशी बोलले, तो फांद्या देतो म्हणाला. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की बाबा आणि मी जाऊन वीतभर लांबीच्या काड्या आणणार आहोत, पेन्सिलीएवढ्या जाड. घरी रेतीच्या वाफ्यात लावून ठेवू, मुळं धरायला महिना-दीड महिना लागतो, म्हणजे चवथीच्या आधी देता येतील. ज्यांना हवीत त्यांनी इथे नाव लिहा, डिचोली बसस्टँडवर आणून देते. बाबा म्हणतात प्लास्टिकच्या पिशवीत देणार नाही, केळीच्या सोपटात गुंडाळून देणार, त्यामुळे त्याच दिवशी लावावी लागतील.

कुडचडेकर

माझं नाव लिहा. दोन.

सत्तरीकार

मला पण दोन, मी साखळीहून येते, जवळच.

पर्वरीचा सेक्रेटरी

आमच्या सोसायटीसाठी सहा. आणि दोरी आणली, सुंभाचीच, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाली.